निकाल आमच्या गावापर्यंत आणा

प्रति,
बेळगाव जिल्ह्यात गरोदरपण, बाळंतपण आणि स्त्रियांच्या आजारांवर संशोधन करणारे सर्व डॉक्टर,
त्यांच्या अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या नीतिशास्त्र समित्यांचे सदस्य,
आणि कर्नाटकाच्या आरोग्य खात्याचे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींपैकी काही आज आशा म्हणून काम करतात, काही नर्स झाल्या, आणि पुष्कळजणी आई झाल्या. काहींच्या नशिबी आईपण आलं नाही. त्यांच्याविषयीही या पत्रात लिहिणार आहे.

गेली वीसेक वर्षं बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांनी मोठमोठ्या अभ्यासांत भाग घेतला. गोळ्या घेतल्या, रक्त काढून दिलं, बाळंतपणानंतर घरी येऊन वही उघडणाऱ्या कार्यकर्तीच्या प्रश्नांना कुशीत लेकरू घेऊन उत्तरं दिली. त्यातून निघालेले निष्कर्ष जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले. ज्यांच्या अंगावर हे सगळं तपासलं गेलं, त्या बायकांना मात्र निकाल काय लागला हे माहीत नाही. तो त्यांना सांगायची जबाबदारी तुम्ही घ्यावी, आणि पुढचा अभ्यास कशावर व्हावा हे ठरवताना त्यांना विचारावं, एवढं मागण्यासाठी हे पत्र आहे.

आधी या कामाचं मोल सांगते, कारण ते मला मनापासून वाटतं, आणि आमच्याच लोकांना ते ठाऊक नाही.

मूल जन्मलं, वार पडली, आणि गर्भाशय आवळून आलं नाही, तर रक्त थांबत नाही. धडधाकट बाई दोन-तीन तासांत हातची जाते. हे थांबवायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आहे, पण ते थंड जागी ठेवावं लागतं आणि द्यायला शिकलेला हात लागतो. विसेक वर्षांपूर्वी आमच्याकडे बरीच बाळंतपणं घरात नाहीतर उपकेंद्रात नर्सबाईच्या हातून व्हायची. तिथे फ्रिज कुठला, आणि लाइट तरी कुठली! अशा ठिकाणी पोटात घ्यायची साधी गोळी चालेल का, हा प्रश्न बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर हाती घेतला. २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत १,६२० बायकांवर अभ्यास झाला. निम्म्यांना मूल जन्मल्याबरोबर मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या दिल्या, उरलेल्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. लिटरभर किंवा अधिक रक्त जाण्याचं प्रमाण १.२ वरून ०.२ टक्क्यांवर. अठरा बायकांना गोळी दिली की त्यांतल्या एकीचा अतिरक्तस्राव टळत होता. त्रास काय, तर थोडा वेळ हुडहुडी आणि ताप. २००६ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अतिरक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

या अभ्यासातली एक वस्तू मला फार मोलाची वाटते. रक्त किती गेलं हे पूर्वी अंदाजानेच सांगायचे. लुगडं भिजतं, गोणपाट भिजतं, सारवलेल्या भुईत रक्त मुरतं, आणि नर्सबाई म्हणते, "जाणार तेवढं गेलं." इथे बाळंतिणीच्या कमरेखाली प्लास्टिकची एक चादर सरकवली जायची. तिला खालच्या बाजूला निमुळती पिशवी, आणि पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा. रक्त थेट पिशवीत उतरणार, आणि कंदिलाच्या उजेडातही रेघ वाचता येणार. अंदाजाने सांगितलेलं रक्त बहुधा कमीच भरतं. पिशवीतलं रक्त जेवढं आहे तेवढं दिसतं. २०२३ साली आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ऐंशी रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे अशाच रेघांच्या चादरीने रक्त मोजलं, आणि ठरावीक रेघेला रक्त पोचताच पोट चोळणं, औषधं, सलाईन असे सगळे उपाय एकदमच सुरू केले. गंभीर रक्तस्राव, त्यापायी करावं लागणारं ऑपरेशन आणि मृत्यू, हे मिळून ६० टक्क्यांनी घटले. रेघांची चादर आमच्या खेड्यांत त्याच्या वीस वर्षं आधी येऊन गेली होती, हे इथल्या किती जणींना माहीत असेल?

आणि त्या दुसऱ्या निम्म्या बायका? ८०८ जणींच्या वाट्याला औषध नसलेली गोळी आली. त्यांच्यातल्या बारा टक्के बायकांचं रक्त प्रमाणाबाहेर गेलं म्हणून तर दुसऱ्या बाजूचे ६.४ टक्के कमी आहेत हे जगाला कळलं. तुलनेला त्या नसत्या तर गोळीचा गुण सिद्धच झाला नसता. त्यांचं देणं गोळी मिळालेल्यांपेक्षा तसूभरही कमी नाही, उलट जास्तच आहे. "तुला औषध मिळालं नव्हतं, आणि तुझ्यामुळे हे कळलं," असं त्यांच्याशी कुणी तरी बोललं पाहिजे.

पुढेही काम थांबलं नाही. पहिलटकरणीला सहाव्या ते तेराव्या आठवड्यापासून रोज अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी दिली तर दिवस भरण्याआधी होणारी बाळंतपणं कमी होतात का, हे सहा देशांत सुमारे १२,००० बायकांवर तपासलं गेलं, त्यात बेळगाव आणि नागपूर होतं. २०२० मध्ये निकाल आला: प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर. जन्माच्या आगेमागे दगावणारी बाळंही हजारी ५३.६ वरून ४५.७ वर आली. बाळंतकळा सुरू झाल्यावर अ‍ॅझिथ्रोमायसिनची दोन ग्रॅमची एकच मात्रा तोंडाने दिली तर आईच्या अंगात जंतुदोष पसरणं किंवा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ वर येतो, हे २०२३ मध्ये सात देशांतल्या २९,००० हून अधिक बायकांवरून दिसलं. त्यातही बेळगाव होतं. बाळाला मात्र त्याचा फायदा दिसला नाही.

आता ज्या निकालाबद्दल सहसा बोललं जात नाही, त्यावर येते. माझ्या मते आमच्या बायकांना सर्वांत आधी सांगायला हवा तो हाच.

दिवस भरण्याआधी बाळंतपण होईल अशी चिन्हं दिसली तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. मोठ्या रुग्णालयांत याचा गुण पूर्वीच सिद्ध झालेला होता. मग हेच खेड्यांपर्यंत नेलं तर? सहा देशांतल्या सात ठिकाणी हा अभ्यास झाला, त्यात बेळगाव आणि नागपूर होतं. २०१५ मध्ये निकाल छापून आला तो धक्का देणारा होता. लहानखुऱ्या बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि सगळी बाळं मिळून पाहिलं तर जिथे इंजेक्शनचा प्रसार केला त्या भागांत पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू हजारी २३.९ ऐवजी २७.४ निघाले. आयांना जंतुसंसर्ग झाल्याचा संशयही तिथे जास्त वेळा आला. ज्यांना इंजेक्शन दिलं त्यांतल्या बहुसंख्य बायकांची बाळं फार लहान नव्हतीच. नेमके किती आठवडे झाले हे खेड्यात पक्कं कळत नव्हतं, आणि जन्मल्यावर बाळाला सांभाळायची सोय जवळ नव्हती.

तेच इंजेक्शन पुढे भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत तपासलं. यावेळी सोनोग्राफीने आठवडे पक्के केले, आणि लहान बाळांची काळजी घ्यायची सोय असलेलीच ठिकाणं निवडली. २०२० मध्ये कळलं की तिथे नवजात बाळांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर येतात. औषध एकच, बाळंतीणही आमच्यासारखीच. फरक पडला तो आठवडे नक्की माहीत असण्याने आणि बाळाला सांभाळणारा हात जवळ असण्याने.

विज्ञानाची शिक्षिका म्हणून सांगते, या दोन निकालांची जोडी मला कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा मोठी वाटते. आमच्या बायकांना हे कळलं तर काय होईल? तिसऱ्या महिन्यातलं स्कॅनिंग म्हणजे मुलगा-मुलगी बघायची चोरवाट नव्हे, आठवडे पक्के करायचं साधन आहे, हे सासूला पटेल. सातव्या महिन्यात कळा आल्या तर जवळच्या खोलीवजा दवाखान्यात इंजेक्शन टोचून घेण्यापेक्षा, बाळाला ठेवायची काचेची पेटी जिथे आहे तिथे गाडी धावेल. पहिला निकाल वाईट आला म्हणून तो गावात सांगायचा नाही, असं कुणाच्या मनात असेल तर मला ते अजिबात मान्य नाही. त्या निकालामागे आमचीही लेकरं आहेत. जे औषध इथे चाललं नाही ते का चाललं नाही, हे आम्हाला सर्वांआधी कळायला हवं होतं.

प्रत्यक्षात काय दिसतं ते लिहिते. माझ्या ओळखीतल्या काही बायका निरनिराळ्या अभ्यासांत होत्या. कुठला अभ्यास, कुणाचा, हे इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कुणा एकाकडे बोट दाखवायचं नाही. त्यांना विचारलं, "तू घेतलेल्या गोळीचं पुढे काय झालं?" एकजण म्हणाली, "काय की बाई, रोज घ्या म्हटलं, घेटलं. पुढचं कोण काय बोललं न्हाई." दुसरीने जपून ठेवलेला संमतीपत्राचा कागद ट्रंकेतून काढून दाखवला. घडीवर फाटलेला, खाली तिचा अंगठा, शेजारी साक्षीदाराची सही. तो तिने रेशन कार्ड आणि मुलाच्या जन्मदाखल्याबरोबर एकाच पिशवीत ठेवला होता. म्हणजे तिच्या लेखी तो महत्त्वाचा कागद आहे. त्या कागदावरच्या प्रश्नाचं उत्तर जगात छापून आलं आहे, आणि ते तिच्या पिशवीत नाही.

संमतीचे नियम आपल्याकडे चांगले कडक आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि २०१९ चे औषधचाचण्यांचे नियम सांगतात की माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत द्यावी, आणि वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार हवा. २०१७ च्याच तत्त्वांत असंही आहे की निष्कर्ष संबंधित व्यक्तींना आणि समाजाला कळवायचा प्रयत्न व्हावा. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनासाठी जगभर मानला जाणारा हेलसिंकी जाहीरनामाही म्हणतो की सहभागी व्यक्तीला निकाल कळवून घ्यायची मुभा असावी. पण संमतीपत्र नसेल तर अभ्यास अडतो, आणि निकाल कळवला नाही म्हणून काहीच अडत नाही. नीतिशास्त्र समितीच्या सदस्यांना माझी विनंती आहे की हे अडायला लावा. अभ्यासाला मंजुरी देतानाच विचारा, संपल्यावर गावात कोण जाणार, कधी जाणार, कुठल्या भाषेत सांगणार, आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे का. तसा खर्च धरला नसेल तर प्रस्ताव परत पाठवा. तुमच्या समितीवर समाजातली एक सामान्य व्यक्ती असावी असा नियमच आहे. ती जागा एखाद्या तालुक्यातल्या अभ्यासात भाग घेतलेल्या बाईला द्या.

भाषेचं म्हणाल तर सीमाप्रश्नाचा वाद मला या पत्रात आणायचा नाही. तो न्यायालयात आहे, आणि बाळंतिणीला त्याची वाट बघायला वेळ नाही. साधी वस्तुस्थिती अशी की खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या पुष्कळ गावांत घरात मराठी आहे, आणि गरोदर बाईच्या हातातलं तायी कार्ड, म्हणजे आईच्या तपासण्या नोंदवायचं सरकारी कार्ड, कन्नडमध्ये. पाय सुजले, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगावरून पाणी किंवा रक्त जाऊ लागलं तर ताबडतोब निघा, ही धोक्याची चिन्हं तिला स्वतःला वाचता यायला हवीत, शेजारणीला विचारून नव्हे. जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्के लोक जी भाषा बोलतात त्या भाषेत महत्त्वाच्या सूचना द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांबाबतचं देशाचं ठरलेलं धोरण आहे. आरोग्य खात्याने एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी असं कार्ड छापलं तर कुणाचं काय जाणार आहे? सौंदत्ती-बैलहोंगलच्या कन्नड बहिणींनाही निकाल कळलेला नाहीच. त्यांना कन्नडमधून सांगा, आम्हाला मराठीतून. आमच्या बहुतेक आशांना दोन्ही येतात.

आता दुसऱ्या मागणीकडे वळते: पुढे काय तपासायचं. बाळंतपणातला मृत्यू हा मोठा प्रश्न आहेच. पण आमच्या बायकांना तुम्ही कधी विचारलंत की तुला कशाची उत्तरं हवीत, तर बऱ्याच जणी जे सांगतील ते तुमच्या यादीत नसेल.

मूल न होणं हा त्यांतला पहिला प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की जगात प्रौढांपैकी सुमारे १७.५ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं, म्हणजे सहांत एक. आमच्याकडे तिला ओटी भरायला बोलावत नाहीत, बारशाला ती स्वतःच जात नाही. यल्लम्माच्या डोंगरावर, मायक्काच्या चिंचलीला नवस बोलले जातात. श्रद्धेला माझी हरकत नाही. पण देवीच्या पायऱ्या चढून आलेली बाई दवाखान्याची पायरी चढते तेव्हा तिला नीट उत्तर मिळावं, एवढीच माझी इच्छा आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीची फाइल मी पानापानाने वाचली. लग्नाला नऊ वर्षं झालेली. फाइलीत बेळगावचे कागद, कोल्हापूरचे कागद, गोव्याचा एक. सोनोग्राफ्या एकाच गोष्टीच्या परत परत केलेल्या, कारण नव्या डॉक्टरला जुनी चालत नाही. गर्भाशयात औषध सोडून काढलेला एक एक्स-रे, त्यावर दोन्ही नळ्या बंद असल्याचा शेरा. नळ्या कशाने बंद झाल्या हे कुठेही लिहिलेलं नाही. लहानपणी तिला गळ्याच्या गाठींची टीबी झाली होती, तिला गोळ्या सुरू होत्या तेव्हा ती माझ्याच वर्गात होती. टीबी नळ्यांपर्यंत जाऊन त्या बंद करू शकते, आपल्या देशात नळ्या बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे, हे त्या फाइलीतल्या एकाही कागदाने तिला सांगितलेलं नाही. आणि नऊ वर्षांच्या त्या जाड फाइलीत तिच्या नवऱ्याची वीर्यतपासणी एकदाही नाही. काही शे रुपयांची तपासणी! मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा काही ना काही वाटा असतो. पण आमच्याकडे सुईसमोर पहिली बाई, ऑपरेशनसमोर पहिली बाई, आणि बोल लावायलाही तीच. त्या घरातलं अर्धा एकर भात या फाइलीत गेलं.

मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या संशोधन संस्थेतले डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. ते काम पालिकेच्या रुग्णालयात आणि सरकारी संशोधन संस्थेत झालं होतं, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. त्यानंतर हा सगळा उपचार बहुतांशी खासगी दवाखान्यांकडे गेला. २०२१ च्या कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची केली, हे चांगलंच झालं. पण खानापूरच्या बाईची नळी बंद का पडते, तिला वेळीच कुठली तपासणी करायला हवी होती, हे त्या केंद्रांच्या पाट्यांवरून कळणार नाही. गरोदर बायकांची नोंद ठेवायची पद्धत तुम्ही गावोगाव बसवलीत. मग दिवस न जाणाऱ्या बायकांची नोंद तुम्ही का ठेवू नये? वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत तर दोघांची तपासणी, दोघांची म्हणते मी, प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच सुरू व्हावी. जननेंद्रियांच्या टीबीचा या जिल्ह्यात किती वाटा आहे हे शोधा. हे काम तुमच्याइतकं चांगलं दुसरं कुणी करू शकणार नाही.

निपाणीचा विषय काढल्याशिवाय मला राहवत नाही. तिथल्या बायकांची हयात तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळण्यात जाते. धूळ नाकातोंडात, पानं बोटांत, पोटात मूल, आणि सूप मांडीवर. शिवाय आमच्याकडे म्हाताऱ्या-कोताऱ्याच नव्हे, तरण्या पोरीही सकाळी मिश्री लावतात. मुंबईत १,२१७ बायकांचा अभ्यास झाला होता, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि त्या बायकांत मिश्री लावणाऱ्याच जास्त होत्या. तंबाखू तोंडात न घालता नुसती दिवसभर हाताळणाऱ्या निपाणीच्या गरोदर बाईचं आणि तिच्या बाळाचं काय होतं? तिचा गर्भ राहण्यात अडचण येते का? हा प्रश्न विचारायला जगात निपाणीहून योग्य गाव शोधून सापडणार नाही.

आणि गर्भाची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढण्याचा प्रश्न. अंगावरून पांढरं जातं, पाळीला रक्त फार जातं, कंबर धरते, म्हणून तिशी-पस्तिशीतल्या बायकांची पिशवी काढून टाकलेली मी पाहिली आहे. "काढली की कटकट गेली," असं त्यांना सांगितलेलं असतं. बीडच्या ऊसतोड बायकांमुळे हा विषय २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात गाजला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक पिशवी काढण्याला आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला. चिकोडी, रायबाग, अथणी हा उसाचा पट्टा आहे. तिथे किती बायकांच्या पिशव्या कोणत्या वयात आणि कोणत्या कारणाने गेल्या, हे मोजलं पाहिजे. अंडाशयंही काढली तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाला धोका वाढतो. नुसती पिशवी काढली तरी पाळी जायचं वय अलीकडे येऊ शकतं. ऑपरेशनआधी हे कितीजणींना सांगितलं गेलं, तेही विचारा.

संशोधनाच्या कामाचे पैसे बाहेरून येतात आणि विषयही पुष्कळदा तिथेच ठरतात, याची मला कल्पना आहे. त्या टेबलावर इथल्या बायकांनी सांगितलेले विषय मांडणारं कुणीतरी हवं, आणि ते तुम्हीच असू शकता. तुमचं नाव तिथे आहे, शब्दाला वजन आहे. ते वजन आमच्या बायकांनी दिलेल्या रक्ताच्या नमुन्यांतूनही आलं आहे.

करायचं काय, ते अवघड नाही. प्रत्येक संपलेल्या अभ्यासाचा एक पानी निकाल, मोठ्या टाइपात, मराठीत आणि कन्नडमध्ये. काय विचारलं, काय निघालं, काय निघालं नाही, आणि त्यामुळे आता दवाखान्यात काय बदललं. भाषा सातवीच्या मुलीला वाचता येईल अशी. हे पान आशाने वाचून दाखवावं, आणि त्या कामाचे तिला वेगळे पैसे मिळावेत, तिच्या डोक्यावर आधीच ढीगभर नोंदवह्या आहेत. ज्या गावांत अभ्यास झाला तिथे डॉक्टरांनी एकदा तरी स्वतः यावं. भीमगडच्या जंगलाकडची गावं पावसाळ्यात तुटतात, ओढे भरले की आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं. त्यामुळे जून ते ऑक्टोबर नको. नोव्हेंबर-डिसेंबरात भाताची कापणी-मळणी, तेव्हा बायका भेटणार नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत या, दुपारी दोननंतर, जेवणं आवरून बायका मोकळ्या होतात तेव्हा. शाळेची खोली किंवा देवळाचा सभामंडप मिळतो. नवऱ्यांनाही बोलवा, सासवांनाही. पडदे आणि यंत्रं नसली तरी चालेल, रेघांची ती चादर तेवढी बरोबर आणा, बायकांना ती हातात घेऊन बघू दे.

खानापूर तालुक्यातल्या गावांसाठी बायकांना गोळा करायचं, तुमचं पान मराठीत नीट उतरलं आहे का ते वाचून बघायचं, आणि त्या दिवशी त्यांचे प्रश्न लिहून घ्यायचं काम मी आणि माझ्या काही जुन्या विद्यार्थिनी करू. मोबदला नको. तारीख तेवढी महिनाभर आधी कळवा.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
ता. खानापूर, जि. बेळगाव